भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझे चारही पाय धड आहेत, बैठक वेताची आहे आणि आजवर ती एकदाच नव्यानं विणावी लागली. डाव्या हाताखालचा एक खिळा तेवढा वर आलाय, तो सोडला तर मला नावं ठेवायला कुणाला जागा नाही. मी एका छोट्या कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत राहते आणि माझं निम्म्याहून जास्त आयुष्य भिंतीकडे तोंड करून गेलं आहे. खोडी काढली म्हणून मुलाला कोपऱ्यात उभं करतात ना, तसं. मी मात्र कसलीही खोडी काढली नव्हती.

कॉलेज सुरू झालं तेव्हाच्या प्राचार्यांनी सुतार बोलावून आम्हाला करून घेतलं. शिक्षकांच्या आणि ऑफिसातल्या माणसांच्या जेवढ्या जागा, तेवढ्याच खुर्च्या. एकही जास्त नाही. पाहुणा आला तर त्यानं खुशाल दाराजवळच्या स्टुलावर बसावं. त्याच प्राचार्यांनी एक रीत घालून दिली. कुणी निवृत्त झालं किंवा सोडून गेलं, की त्याची खुर्ची भिंतीकडे वळवायची आणि त्या जागी नवं माणूस कायमचं नेमलं गेलं, की मगच ती परत सरळ करायची. हा खटाटोप कशाला, असं एकदा कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, "कागदावरची रिकामी जागा कुणाला टोचत नाही. चहा पिताना पाठमोरी खुर्ची दिसली, की टोचते."

दरवर्षी पुढच्या नेमणुकांचं ठरवायची वेळ आली, की ते आमच्या खोलीत यायचे, पाठमोऱ्या खुर्च्या मोजायचे आणि तेवढ्या जागा संस्थेच्या बैठकीत मागायचे. सगळ्या मिळायच्या नाहीत. छोटं कॉलेज ते, सगळ्यांचीच ओढाताण. पण मोजलेली खुर्ची निदान विसरली तरी जात नसे.

माझ्यावर पहिल्यांदा बसल्या त्या वनस्पतिशास्त्राच्या थोरल्या बाई. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. त्यांच्या मांडीवर कायम वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली पानं असायची आणि त्यांचा चुरा माझ्या वेतात अडकायचा. बाहीसुद्धा रोज माझ्या खिळ्यात अडकायची. त्या मला "सवत" म्हणायच्या, पण दुसरी खुर्ची कधी घेतली नाही. तुमच्यासारखी मुलं पानं घेऊन धावत यायची, हे कशाचं, ते कशाचं विचारायची. काय रुबाब होता माझा त्या वेळी! मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी शिपाईकाकांना हात लावू दिला नाही, स्वतःच मला उचलून भिंतीकडे वळवलं आणि माझ्या पाठीवर थोपटून गेल्या.

भिंतीत काय बघायचं असतं? रंगाचे पोपडे. एक पोपडा उडाला होता, त्याकडे मी वर्ष-वर्ष बघत बसले. पाठीमागे हशा व्हायचा, कपबशा वाजायच्या आणि मी आपली कान देऊन असायचे. एका वर्षी ऑफिसात हिशेबाचं माणूस घेतलं. पुढच्या खेपेला लायब्ररीचं. लायब्ररी उघडायलाच माणूस नव्हतं, तिथे मी काय तक्रार करणार? पण वाईट वाटायचं, ते वाटायचंच.

वनस्पतिशास्त्राचे तास तर घ्यायलाच हवे होते. म्हणून तासावर शिकवायला एक मुलगी ठेवली. जेवढे तास तेवढाच तिचा संबंध, कायमची जागा नाही आणि रीतीप्रमाणे खुर्चीही नाही. सगळे तिला धाकट्या बाई म्हणू लागले. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण चालणं ओळखू लागले. एका चपलेची टाच घासत येण्याचा आवाज, मग स्टूल कुरकुरायचं. मधल्या सुट्टीत खोली रिकामी असली, की त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्या पाठीवर नुसता हात ठेवायच्या. बसायच्या नाहीत. त्यांना माझ्यावर बसायचं होतं, मित्रांनो, आणि मला त्या हव्या होत्या. एवढी साधी गोष्ट होती.

अशी काही वर्षं गेली. त्या स्टुलाला पाठ नाही. उभ्यानं शिकवायचं आणि येऊन परत ताठ बसायचं, त्यानं धाकट्या बाईंची कंबर धरली. भिंतीला हात लावत त्या वर्गात जाऊ लागल्या. ते काही खोलीतल्या माणसांना बघवेना. गणिताचे सर म्हणजे बोलायला तिखट आणि मनानं अगदी लोणी. त्यांनी शिपाईकाकांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुढचं वर्ष सुरू झालं त्या सकाळी दोघांनी मिळून मला उचललं आणि सरळ केलं!

किती उजेड होता त्या खोलीत. मी खिडक्या विसरले होते. धाकट्या बाई आल्या, दारातच थबकल्या. सर म्हणाले, आता काय तोरण बांधायचं का, बसा की. त्या आधी अगदी कडेला टेकल्या. मग हळूच मागे रेलल्या आणि मोठा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या कापडाची पट्टी आणून माझ्या खिळ्यावर घट्ट गुंडाळली. ते वर्ष माझं सगळ्यात सुखाचं होतं. परत पानांचा चुरा, परत मुलांची गर्दी. मला वाटलं, मिळालं सगळं.

पण त्याच वर्षी प्राचार्य नवे आले होते. भला माणूस. जुनी रीत त्यांना सांगितली, तेव्हा आवडलीसुद्धा. नेमणुकांचं ठरवायची वेळ आली तसे ते खोलीत आले आणि पाठमोऱ्या खुर्च्या मोजल्या. एकच निघाली, खेळाच्या सरांची. ते खुशीत बैठकीला गेले. माझ्यावर त्या वेळी धाकट्या बाई बसल्या होत्या आणि वह्या तपासत होत्या. त्यांच्याकडे पाहून ते हसले होते.

बैठकीहून आल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. म्हणाले, संस्थेनं यंदा हात सैल सोडला, मागेल ती जागा दिली. शेजारच्या कॉलेजला तर चार मिळाल्या. गणिताच्या सरांचा कप हातातच राहिला. त्यांनी विचारलं, मग वनस्पतिशास्त्राची? प्राचार्य गोंधळले. "ती कुठे रिकामी आहे? या बाई रोज तिथेच बसतात. मला वाटलं, या कायमच्याच आहेत."

शिपाईकाका चहाची किटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. जिच्या सुखासाठी मला वळवलं, तिचीच जागा त्या वळवण्यानं गेली होती. आणि ज्यांनी वळवलं त्यांच्यासारखी मायेची माणसं त्या कॉलेजात दुसरी नव्हती. रागवायचं तरी कुणावर?

धाकट्या बाई उठल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, कंबर दुखत होती तरी उचललं आणि भिंतीकडे वळवलं. मग दाराजवळ जाऊन स्टुलावर बसल्या. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मोजा, सर."

पुढच्या वेळी मोजलं. त्याच्या पुढच्या वेळीही मोजलं. प्राचार्य दरवेळी माझी जागा सगळ्यात आधी मागायचे, पण संस्थेचा हात परत आखडला होता. मी पुन्हा पोपड्यापुढे. तो आता चांगला हातभर झाला होता. मधल्या सुट्टीत धाकट्या बाई येऊन पाठीवर हात ठेवायच्या, आधीसारख्याच.

शेवटी एकदाची जागा मंजूर झाली. जाहिरात निघाली, बाहेरगावचे उमेदवार आले. मुलाखतीच्या खोलीतली खुर्ची नेमकी मोडलेली, म्हणून शिपाईकाका मला घेऊन गेले. एकामागून एक माणसं माझ्यावर बसली. कुणी पाय हलवत होतं, कुणी घामेजलं होतं. धाकट्या बाई आल्या, तेव्हा त्यांचा डावा हात आपोआप हिरव्या पट्टीवर गेला. त्या छान बोलल्या. पण त्यांच्यानंतर एक तरुण आला, त्यांच्याहून मोठी पदवी असलेला, आणि तोही छान बोलला. त्याची निवड झाली. त्यात कुणी लबाडी केली असती तर मी निदान चरफडले असते.

नव्या सरांनी मला सरळ केलं, त्या दिवशी धाकट्या बाई कपाटाची किल्ली द्यायला आल्या होत्या. दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांना काम मिळालं होतं. सर चटकन उठले आणि मला पुढे करून म्हणाले, बसा ना. बाई स्टुलावरच बसल्या. वाळवलेली पानं कुठे, त्यांना वाळवी लागू नये म्हणून काय करायचं, सगळं नीट समजावलं. निघताना माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "ही पट्टी सैल झाली की नवी बांधा. नाहीतर बाही अडकते."

नवे सर चांगले आहेत. पट्टी सैल झाली तेव्हा त्यांनी ती काढली नाही, तिच्यावरूनच नवी बांधली. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कुणीतरी स्टुलावर बसून तुम्हाला शिकवत असेल. त्यांच्यावर माया करा, पण माया करायच्या आधी त्यांना विचारा, तुम्हाला नक्की काय हवंय? माझ्या बाईंना कुणी विचारलं असतं, तर दुखऱ्या कंबरेनं त्या आणखी एक वर्ष स्टुलावर बसल्या असत्या आणि मग जन्मभर माझ्यावर.

आता माझं तोंड खोलीकडे आहे. खिडक्या आहेत, उजेड आहे, मुलं आहेत. तरी मी दिवसभर दाराकडेच बघते. टाच घासत कुणी आलं, की माझा वेत कुरकुरतो. सरांना वाटतं, खुर्ची जुनी झाली.