झेंडीमागची माणसं

सकाळी साडेदहा वाजता गाइडने स्टेशनच्या कमानीखाली हिरवी झेंडी उंच धरली. मागे तिघेच उभे होते. एक निवृत्त जोडपं आणि एक चित्रकार. चौथे पर्यटन खात्याचे साहेब. पण ते माणसं मोजायला आले होते, त्यामुळे मोजणीत नव्हते.

“शेवटच्या थांब्यावर दहा डोकी दिसली पाहिजेत,” साहेब म्हणाले. “नाहीतर ऐतिहासिक स्टेशनची फेरी आजपासून बंद.”

गाइडने मान डोलावली. झेंडी सासऱ्यांची होती. ते रेल्वेत गार्ड होते, निवृत्तीनंतर लाल-हिरवी जोडी जावयाला देताना म्हणाले होते, “गर्दीत उठून तरी दिसाल.”

त्या दिवशी स्टेशनचा कर्णा मुका होता आणि गाड्यांचा फलक रंगवायला उतरवला होता. जुन्या तिकीटघरापाशी गाइड दगडावरची नक्षी दाखवत असताना ट्रंका, वळकट्या सांभाळत सात माणसं येऊन मागे उभी राहिली. पुढे त्यांची आत्या.

“हा बघा झेंडीवाला,” ती घरच्यांना म्हणाली. “याच्या मागं राहायचं. कुणी इकडंतिकडं गेलं तर तंगडं मोडीन.”

साहेबांचं बोट हवेत सात वेळा हललं. गाइडचा आवाज एकदम खुलला.

घड्याळाच्या जिन्यापाशी आत्याचा भाऊ कुजबुजला, “अक्का, हा घड्याळाचं काय सांगत बसलाय?”

“गप ऐक. गाडीत बसण्याआधी सांगत असतील. विमानात नाही का सांगत?”

मग तिने गाइडची बाही ओढली. “भाऊ, अकराची डोंगराकडची गाडी कुठं लागते?”

झेंडी वीतभर खाली आली. ती गाडी शेवटच्या फलाटावर लागत असे. फेरीचा शेवटचा थांबाही तिथंच होता. गाइडने साहेबांकडे पाहिलं, मग झेंडी पुन्हा वर केली.

“तिकडंच चाललोय, आत्या.”

यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यानंतर त्याने स्टेशनची पन्नास वर्षं एका जिन्यात उरकली. घुमट चालता चालता दाखवला. बांधकामाला लागलेली आग तर त्याने लागायच्या आतच विझवली.

“अहो, घुमटाखाली दहा मिनिटं थांबायचं असतं,” साहेब मागून म्हणाले. “परत या. नीट सांगा.”

सगळे परतले. गाइड घुमटाबद्दल नीट सांगू लागला. वळकटीवर टेकलेल्या आत्याने माना वर करून न बघणाऱ्यांना कोपरं मारली.

शेवटच्या फलाटावर ते पोचले तेव्हा गाडी हलली होती.

आत्या ओरडली नाही. तिने ट्रंक खाली ठेवली आणि गाइडकडे पाहिलं.

“गेली की हो, भाऊ. तुमच्या भरवशावर होतो.”

“सात... आठ...” साहेब मोजत होते.

गाइडने पिशवीत हात घातला, लाल झेंडी काढली आणि फलाटाच्या कडेला धावत जाऊन दोन्ही हातांनी पसरली. चाकं किंचाळली. गाडी थांबली.

“चढा!” तो म्हणाला. आत्या, भाऊ, ट्रंका, वळकट्या, सगळं जवळच्या डब्यात कोंबलं गेलं. चढता चढता आत्याने शेजारच्या बाईला सांगितलं, “आमच्या झेंडीवाल्यानं थांबवली.”

फलाटावर तिघे उरले. साहेबांचं बोट हवेतच होतं.

पण आता खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. “काय झालं? का थांबलीय?” सगळे झेंडीकडेच बघत होते. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर गाइडच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “तर मंडळी, आपल्या डोक्यावर दिसतंय ते लोखंडी छत...”

फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून रेल्वेचे दोन पोलीस भराभर येत होते. साहेबांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली. त्यांचं बोट तिसऱ्या डब्याच्या खिडक्यांवरून पुढे सरकत होतं.