महादेवरावांचा स्पिंडल

महादेवरावांनी जन्मभर जाम गावच्या नाक्यावरच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवला. हात थरथरायला लागले तसं मालकानं गोड बोलून त्यांना घरी बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो त्यांना! आणि अशात सेवाग्रामला दिलेली लेक अंकिता म्हणाली, "बाबा, लाकडाची खेळणी बनवाले मले लहान लेथ पाह्यजे. त्याचा स्पिंडल तुम्हीच करून द्या." म्हाताऱ्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

लेथच्या त्या फिरत्या दांड्याचा नकाशा त्यांनीच काढला: दोन्हीकडं बेअरिंगच्या बैठका, मधे कॉलरचं जाड कडं, पुढं लाकूड पकडणारा चक बसवायला आटे. जुन्या मालकाची मनधरणी करून मशीन मिळवलं. आटे तर असे कापले, की नट बोटानं फिरावा. पण पुढच्या बैठकीचा शेवटचा कट घेताना हात थरथरला आणि टूल जरा जास्तच खाऊन गेलं. बेअरिंग ठोकून बसायला हवं होतं, ते नुसतं सरकत गेलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर महादेवरावांनी त्याचा उद्धार केला असता. स्वतःच्या कामाला मात्र म्हणाले, "चालते," आणि स्पिंडल लेकीला धाडून दिला.

महिन्याभरानं ते लेकीकडे गेले. लेथ सुरेख फिरत होता.

"पाहा मामाजी, तुमची कारागिरी!" जावई अभिराम म्हणाला. "जरासा हालून नाई राह्यला."

"अन् हात गेले म्हणत होते साले!" महादेवरावांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

मग ते पाणी प्यायला आत गेले. विहीण यशोदाबाई खलात ठेचा कुटत होत्या. बत्त्याच्या जागी हातात लोखंडी दांडा होता. मधे कॉलर, टोकाला आटे.

"हा कुठून आणला?"

"अंकितानं देला. लेथवर डगडग करे म्हणे, मंग तिनं बाजारातून दुसरा आणला. पण ठेचा मस्त होते बा यानं!"

अंकिता दारातच थिजली. "बाबा, तुमच्या मनाले लागू नये म्हणून..."

महादेवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कोणावर? लेक-जावई खोटं बोलले ते मायेनं. आणि पहिलं खोटं त्यांचं स्वतःचंच होतं. त्यांनी दांडा हातात घेतला, आट्यांत अडकलेलं मिरचीचं बी नखानं काढलं आणि तो विहिणीला परत दिला.

"ईनबाई, कुटून झालं का आटे पुसून ठेवत जाजा," ते म्हणाले. "मिठानं लोखंड गंजते."