बंदरावरची इल्सा

मुरुडच्या कोळीवाड्यातली शकू सुकी मासळी विकायची. तिचा एकुलता एक मुलगा विनेश कॉलेजात असतानाच त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आणि तेव्हापासून मायलेकांचा निम्मा आठवडा एसटीत आणि अलिबागच्या डायलिसिसच्या खोलीत जाऊ लागला. शकू आपलं मूत्रपिंड द्यायला निघाली होती, पण तपासणीत तिला साखर निघाली आणि डॉक्टर नको म्हणाले. तिचा नवरा सदा, त्याचं जुळलं नाही. मग विनेशचं नाव सरकारी प्रतीक्षायादीत लागलं, आणि वाट बघण्यापलीकडे कुणाच्या हातात काही राहिलं नाही.

यंत्राला जोडलेला असताना विनेशला डावा हात हलवता यायचा नाही. उजव्या हातात मोबाईल धरून तो पडल्या पडल्या काहीतरी लिहीत असायचा. शकू शेजारच्या स्टुलावर बसून लसूण सोलायची, नाहीतर पेंगायची. मधेच तो विचारायचा, "आये, एखादं गिऱ्हाईक रोज येतं, भाव विचारतं नि काहीच घेत न्हाय. त्याला तू काय म्हणशील?"

"काय म्हणायचं? बस म्हणेन. तो मासळीला येतच न्हाय, बोलायला येतो."

"आणि समज, सगळा गाव उठून चाललाय. होड्या भरल्यात. तू जाशील?"

"माल वाळत टाकलेला असंल तर कशी जाईन? ओला माल कुजतो वाटेत."

विनेश हसायचा आणि लिहायचा. पोराला यंत्रावर कंटाळा येतो, म्हणून तो असलं विचारतो, अशी शकूची समजूत होती. बरेच दिवस असंच चाललं. मग एकदा तिनं सरळ विचारलं, "हे सगळं तू कुणाला लिहितोस?"

तेव्हा त्यानं तिला मोबाईल दाखवला. एक व्हिडिओ गेम होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, विनेश त्याला नुसतं 'बंदर' म्हणायचा. त्यात धुकं गावावर चाल करून येतं आणि शेवटी सगळी माणसं होड्यांत बसून निघून जातात. पुढची गोष्ट दुसऱ्या भागात येणार होती, पण तो निघायच्या आधीच कंपनी बंद पडली. ज्यांनी तो गेम जीव लावून खेळला होता, ती पोरं अशी अर्ध्यात लटकली. मग त्यांनीच गोष्ट पुढे चालवायचं ठरवलं. एकेकानं एकेक पात्र वाटून घेतलं आणि त्याच्या नावानं ब्लॉग उघडला. कुणी कप्तान झाला, कुणी डॉक्टर, कुणी तर बंदरावरचा कुत्रा झाला. बाकीचे लोक त्या पात्रांना प्रश्न विचारायचे, आणि पात्रानं पात्र म्हणूनच उत्तर द्यायचं. उत्तरासोबत एक चित्र असायचं. प्रश्न येत तशी गोष्ट पुढे सरकायची.

"आणि तू कोण झालास?" शकूनं विचारलं.

विनेशनं तिला एक चित्र मोठं करून दाखवलं. धक्क्यावर टोपलीपुढे बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती. "ही इल्सा. सुकी मासळी विकते. गेममध्ये तिला तीनच वाक्यं हायत. 'घ्या, चांगला माल आहे.' 'आज वारा बरा नाही.' आणि 'माझा मुलगा एवढ्यात येईल.' सगळे होड्यांत चढतात तेव्हा ही दिसतच न्हाय. कुणी विचारलंपण न्हाय, हिचं काय झालं. म्हणून मी हिला घेतली."

"आणि माझं बोलणं तिच्या तोंडी घालतोस."

"इंग्रजी करून."

"मग जरा नीट विचारत जा," शकू म्हणाली. "मी काहीपण बोलत असते."

पण तिला ते आवडलं होतं. ओस पडलेल्या बंदरावर एकटी मागे राहिलेली ती इल्सा बघता बघता लोकांची लाडकी झाली. कुणी तिला परीक्षेत नापास झाल्याचं सांगायचं, कुणी आपलं लग्न मोडल्याचं. पोलंडमधल्या एका मुलीला झोप यायची नाही, ती रोज येऊन इल्साला विचारायची की तू रात्री काय करतेस. शकूनं विनेशला लिहायला लावलं, की मी जाळं विणत बसते आणि झोप आली नाही तर निदान जाळं तरी होतं. पुढे अलिबागला जाताना गाडीत बसल्या बसल्या शकूच विचारू लागली, "ती झोपली का रे, तुझी पोलंडवाली?"

चित्रं हेमाली काढायची. ती रेवसची. दोघांची ओळख ब्लॉगवरच झाली होती, आणि आपण एकाच जिल्ह्यातले आहोत हे दोघांना बऱ्याच उशिरा कळलं. ती एकदा दवाखान्यात भेटायला आली आणि सबंध वेळ शकूशीच बोलत राहिली. विनेशनं त्या दिवशी लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली हाताची शीर दिसू नये म्हणून. शकूच्या ते लक्षात आलं.

सदाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये असतं एवढंच त्याला दिसायचं. तो बोटीवरून यायचा, पोराच्या कपाळाला हात लावून बघायचा आणि जेवून झोपायचा.

लोकांचा एक प्रश्न कधीच सुटला नव्हता. तुझा मुलगा आला का? नवा माणूस आला की पहिल्यांदा हेच विचारायचा. विनेश त्याला नाना प्रकारे बगल द्यायचा. वारा पडलाय, वाटेत कुणी भेटलं असेल, आज नाही तर उद्या. एकदा परतीच्या गाडीत शकू त्याला म्हणाली, "किती ताटकळवतोस रे त्या बाईला? आण की तिच्या पोराला."

विनेश खिडकीला डोकं टेकून बसला होता. यंत्रावरून उठला की त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं. "तो आला की गोष्ट संपते आये," तो म्हणाला. "म्हणून न्हाय आणत."

आषाढात विनेशला ताप भरला. रक्तात जंतू गेले म्हणाले. अलिबागहून पुढे न्यायचं ठरलं, गाडी आली, पण तो दवाखान्याच्या दारातच गेला.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या. सदाची बोट दुसऱ्याच्या हाताखाली गेली, सदा गेला नाही. तो पडवीत बसून राहायचा. शकू मात्र बाजारात जाऊन बसू लागली. कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत होतं, तिथं कुणी काही विचारायचं नाही. पण लॉजवाले आणि बाहेरगावची गिऱ्हाइकं विचारायची, "पोरगा कसा आहे?" पहिल्यांदा एका बाईनं असं विचारलं तेव्हा शकूच्या तोंडून निघून गेलं, "बरा हाय. अलिबागला हाय." पुढेही ती तेच सांगत गेली. वारला हा शब्द तिनं अजून कुणापाशी उच्चारला नव्हता. घरी तशी गरज पडली नव्हती, आणि बाहेर तो तिच्या तोंडातून निघत नव्हता.

दिवाळी झाल्यावर हेमाली आली. अंगणात बोंबील वाळत होते, त्यांच्याखालून वाकून ती पडवीत आली आणि शकूच्या गळ्यात पडून रडली. तेराव्यालाही ती येऊन गेली होती, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सदा उठून मागच्या दारी गेला.

चहा झाल्यावर हेमालीनं पिशवीतून टॅब काढला. "मावशी, लोक अजून विचारतायत. इल्सा कुठे गेली, बरी आहे ना. त्यांना काय सांगू कळत नाही, म्हणून आले."

"विनेशचं सांगितलं न्हाईस?"

"तो कोण हे त्यांना ठाऊकच नाही. त्यांना इल्साच माहीत आहे." हेमालीनं टॅब उघडला. "मी विचार केला की गोष्ट नीट संपवावी. चांगली. मी चित्र काढलंय, तुम्ही बघा. नको असेल तर नाही टाकणार."

शकूनं पदराला हात पुसून टॅब घेतला. धुकं फाटलं होतं. धक्क्याला एक होडी लागली होती आणि एक तरुण पोरगा तिच्यातून उतरत होता. लांब बाह्यांचा शर्ट, डावा खांदा थोडा उतरलेला. तोंड अर्धंच दिसत होतं, पण हनुवटी विनेशची होती. इल्सा टोपलीपाशी उभी राहिली होती.

शकू बराच वेळ बघत राहिली. टॅबचा पडदा काळा झाला तेव्हा ती म्हणाली, "परत लाव." हेमालीनं परत लावला. शकूनं पुन्हा बघितलं.

"चांगला काढलायस," ती म्हणाली. "हे मला देऊन जा. घरात लावेन. पण तिकडं टाकू नको."

"का, मावशी?"

"तो आला म्हणून सगळी आनंद करतील. ती पोलंडवाली, तो नापास झालेला, सगळी लिहितील, बरं झालं इल्सा, आला एकदाचा. तू मला ते वाचून दाखवशील. मला ते ऐकवणार न्हाय."

"नाही दाखवणार मी वाचून."

"तरी मला माहीत असंलच की."

हेमालीनं टॅब परत मांडीवर घेतला. म्हणाली, "मग काय लिहू? अजून वाट बघतेय असं लिहू?"

"न्हाय."

"मग?"

शकू उठून अंगणात गेली, उन्हाच्या बाजूचे बोंबील उलटे केले आणि हात झाडत परत आली. भिंतीला टेकून बसली आणि बाजारात भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "लिही. माझा मुलगा वारला. समुद्रात न्हाय. आजारी होता, दवाखान्याच्या दारात वारला, मी जवळ होते. मी तुम्हाला येईल येईल सांगत होते. ते खोटं नव्हतं, मलाच वाटत होतं येईल. आता येणार न्हाय. मी दुकान मांडलंय. विचारायचं असंल ते विचारा, पण त्याचं आता विचारू नका."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. हेमाली लिहिताना रडत होती, आणि मधेच थांबून तिनं विचारलं, "वारला असंच लिहू ना?"

"व्हय. तसंच."

ते इंग्रजीत करून हेमालीनं टाकलं. चित्र टाकलं नाही. त्याच्या जागी नुसती टोपली काढून दिली.

पुढच्या आठवड्यात ती परत आली तेव्हा लोकांची उत्तरं आली होती. काही जण चिडले होते. इतकी वर्षं वाट बघायला लावून असा शेवट करतात का, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते निघून गेले होते. शकू म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं." पुष्कळांनी मात्र दुसरंच लिहिलं होतं. कप्तानाच्या ब्लॉगवरच्या माणसानं आपल्या पात्राला होडी वळवून बंदराकडे परत यायला लावलं होतं. डॉक्टरही निघाला होता. पोलंडच्या मुलीनं काहीच विचारलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, की मी तुझ्याशेजारी बसते, तुला बोलायचं नसेल तर बोलू नको.

हेमाली हे मराठीत करून सांगत असताना सदा मागच्या दारातून आत आला. नेहमीसारखा निघून न जाता तो उंबऱ्यावर टेकला. "काय वाचतेस?" त्यानं विचारलं.

शकूनं त्याला सांगितलं. गेम, इल्सा, यंत्राजवळचं स्टूल, सगळं. तिला नीट लावून सांगता येईना, हेमालीनं मधे मधे भर घातली. सदा ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्यानं लिहिलेलं अजून हाय त्यात?"

"सगळं आहे, काका."

"वाच."

हेमालीनं अगदी पहिल्या उत्तरापासून सुरुवात केली. कुणीतरी इल्साला वारा कसा ओळखावा विचारलं होतं. कुणी विचारलं होतं, तुला एकटं वाटतं का. इल्सानं सांगितलं होतं, की एकटं वाटायला आधी हातातलं काम संपावं लागतं, आणि माझं संपत नाही. एका जागी इल्सा म्हणत होती, की माझा नवरा फार बोलत नाही, पण घरी आला की पहिल्यांदा मुलाच्या कपाळाला हात लावतो.

सदानं मान वर केली. "हे तू सांगितलंस त्याला?"

"न्हाय," शकू म्हणाली. "हे मी कशाला सांगेन?"

"मग त्यानंच लिहिलं."

"असंल."

"आणि त्या कामाचं? ते तुझं का त्याचं?"

शकूनं आठवून बघितलं. असं काहीतरी आपण बोललो असू असं तिला वाटलं, आणि पुन्हा वाटलं की विनेशच तसं बोलायचा, यंत्रावरून उठून चपला शोधताना. तिला नक्की सांगता येईना. आपलं कुठलं आणि पोराचं कुठलं हे तिनं कधी बघून ठेवलं नव्हतं, आणि आता विचारायला तो नव्हता. एवढ्या महिन्यांत ती सदापुढे रडली नव्हती, ती आता रडली. सदा उंबऱ्यावरून उठून तिच्याजवळ येऊन बसला. हेमालीनं वाचायचं थांबवलं आणि टॅब मांडीवर पालथा ठेवला.

बाहेर कावळा बोंबलांवर उतरला. सदानं बसल्या जागेवरून हात उडवून त्याला हुसकावलं.

"पुढं वाच, पोरी," तो म्हणाला. "गाडी चुकली तर मी सोडायला येईन."