वीसचे ऐंशी

सुमित चहा घेऊन आला तसा हर्षदाने लॅपटॉप मिटला.

“काय गं, काय लपवतेस?”

“कुठे काय?” ती म्हणाली. पण कप उचलला नाही.

इच्छापोरच्या त्यांच्या कंपनीत एम्ब्रॉयडरी मशीनचे कंट्रोल बॉक्स बनत. साडीची डिझाइन बॉक्समधल्या मेमरी चिपवर साठवलेली असे. चिपमध्ये बारीक कप्पे. काही मुळातच खराब, काही वापरून वापरून मरतात. हजारात किती खराब कप्पे चालवून घ्यायचे, ही मर्यादा हर्षदाने ठरवली होती. वीस. त्यापुढे बॉक्सने इशारा द्यायचा. पण हल्ली बॉक्स परत येत होते. अर्ध्या साडीतच डिझाइन बिघडायची आणि इशारा मात्र यायचा नाही. आज तिने परत आलेला एक बॉक्स तपासला, तर आत मर्यादा होती ऐंशी. तिच्या फाइलमध्ये अजून वीसच लिहिलेलं होतं.

बॉक्समध्ये सॉफ्टवेअर भरायचं काम सुमितचं. आणि चिप पुरवणाऱ्या माणसाशी तो जिन्यात उभा राहून फोनवर गुजरातीत बोलायचा. ती दिसली की आवाज खाली जायचा. हलक्या चिपा खपवायच्या असतील तर ऐंशी सोयीचेच.

लिंबायतला घरी आल्यावर तिने आईला सांगितलं. सुंदराबाई साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या.

“त्याले इचारं का तू?”

“विचारून काय, खरं सांगणारे का तो?”

“आन् नुसतं मनमा ठेयीसन काय व्हई?”

हर्षदाने मनात ठेवलं नाही. पण सुमितलाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सरळ कंपनी चालवणाऱ्या अलका मॅडमकडे गेली.

मॅडमनी सुमितला आत बोलावलं, त्याचा लॅपटॉप ठेवून घेतला. बाहेर आला तेव्हा तो हर्षदाच्या टेबलाशी थांबला.

“तुला वाटलं, मी केलं?”

“मग तो माणूस रोज तुला कशाला फोन करतो?”

“तो नाही, मी करतो. चिपा एवढ्या का मरतात म्हणून भांडतो. तुझ्यासमोर शिव्या कशा देऊ? मला विचारायचंस तरी.”

त्या आठवड्यातच त्याने नोकरी सोडली. सुटलो एकदाचे, असं मॅडम म्हणाल्या. हर्षदालाही तसंच वाटलं, पुढचे बॉक्स तिने स्वतः भरेपर्यंत. तिने भरलेल्या बॉक्समध्येही मर्यादा ऐंशीच निघाली.

तिने सगळं उकलून पाहिलं. बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत त्या सेटिंगचं नावच बदललं होतं. जुन्या नावाने लिहिलेले वीस त्याला ओळखूच येत नव्हते. मग ते मुकाट्याने स्वतःचा ठरलेला आकडा घ्यायचं. ऐंशी. कोणीच काही केलं नव्हतं.

“बरं झालं, सापडलं,” मॅडम म्हणाल्या. “आता त्याला कशाला कळवायचं? गेला तो.”

रविवारी हर्षदा भेस्तानला त्याच्या घरी गेली. दार सुमितच्या आईने उघडलं. सुमित समोरच्या खुर्चीत बसला, आणि तिने त्याला सगळं सांगितलं.

“चूक माझी झाली, सुमित. मी मॅडमनाही तसं लिहून दिलंय.”

“मग आता काय केलंत?” त्याने विचारलं.

त्या ‘केलंत’पाशी ती अडखळली. “वीस केलेत पुन्हा. आणि आकडा सापडला नाही तर बॉक्स सुरूच होणार नाही. थांबून विचारेल.”

“ते बरोबर केलंत.”

आतून त्याची आई म्हणाली, “सुमित, चहा टाकते रे. ती पण घेईल ना?”

“नको आई,” तो उठत म्हणाला. “त्यांना उशीर होतोय.”

हर्षदाला कसलाही उशीर होत नव्हता. तिने चपला पायात सरकवल्या आणि, “हो काकू, निघते,” म्हणाली.