कोट कुणी शिवला?

“इथे फुलदाणी कुठून उपटली?” टेलरबाईंनी पानावर बोट आपटलं.

समोर बसलेला संपादक दचकला. लहान मुलांसाठी थोरांची सचित्र चरित्रं तो काढत होता, आणि त्यातलं हे कोरं करकरीत पुस्तक टेलरबाईंच्या वडिलांवरचं, अण्णांवरचं होतं. मजुरांच्या मुलांसाठी अण्णांनी फुकट शाळा काढली, हे गावाला ठाऊक होतं. घरची चूल कुणाच्या जिवावर पेटायची, ते मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

“मावशी, तुम्ही दिलेल्या फोटोवरूनच काढलंय. अण्णा, टेबल, पुस्तकं... अगदी हुबेहूब.”

“डोंबलाचं हुबेहूब! फोटोत ह्या कोपऱ्यात माझी आई शिलाई मशीनवर बसलीये. ती कुठे गेली?”

“त्याचं काय झालं, पान जरा गर्दीचं वाटत होतं. मुलांचं लक्ष अण्णांवरून हलायला नको, म्हणून...”

“म्हणून आईला उचललं नि फुलदाणी ठेवली!”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा तो एकच फोटो होता. तोही अण्णांचा काढताना चुकून निघालेला. लोकांचे कपडे शिवता शिवता तिचे डोळे गेले, त्या शिलाईवर घर चाललं, पोरं वाढली. तिची मागे राहिलेली खूण म्हणजे ती कोपऱ्यात वाकलेली पाठ. तीही ह्या शहाण्यांना अडचण झाली!

“आणि अण्णांच्या अंगावर हा कोट बरा ठेवलात?”

“कोट तर त्यांची ओळख, मावशी.”

“तो आईने शिवलाय. काढा तो. आतला सदराही तिचाच, तोही काढा. बसवा तुमच्या थोर पुरुषाला उघडाबंब, नि दाखवा मुलांना!”

संपादकाने घाम पुसला. “आता छपाई झाली हो. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू. उद्या शाळेत तुमच्याच हस्ते पुस्तकं वाटायचीत, तेवढं...” फोटो टेबलावर आणि पुस्तकांचा गठ्ठा दाराशी ठेवून त्याने काढता पाय घेतला.

पुढच्या आवृत्तीत म्हणे! बाई घरभर भांडी आदळत फिरल्या. त्यांना अण्णांचाही संताप आला. एवढी भाषणं ठोकली, एकात तरी तिचं नाव घेतलं होतं का? मग चपला सरकवून त्या तडक झेरॉक्सच्या दुकानात गेल्या आणि फोटोतल्या तेवढ्याच कोपऱ्याच्या भराभर प्रती काढून आल्या.

घरातलं मशीन आईचंच होतं. बाईंनी जाड कापडाची सुई लावली, पहिलं पुस्तक उघडलं, फुलदाणीवर आईचा कागद ठेवला आणि पाय मारला. चारी बाजूंनी शिवण घातली.

पान उलटलं तर टाके मागेही उमटले होते. मागच्या चित्रात अण्णा मंचावर उभे होते, समोर लोक टाळ्या वाजवत होते, आणि शिवण नेमकी अण्णांच्या कोटावरून गेली होती.

बाईंनी ती उसवली नाही. दोरा तोडला आणि गठ्ठ्यातलं दुसरं पुस्तक ओढलं.