ध्रुवाकडे उठणारा हात

कार्तिकातल्या संध्याकाळी लक्ष्मी तालाच्या पाण्याकडून गारवा चढू लागला, की सुभेदारकाकांचा उजवा हात आकाशाकडे उठे. इतका संथ, इतका निष्कंप, की त्या हाताने आयुष्यात कधी घाई केलीच नसावी. झाशीच्या किल्ल्यामागचा केशरी उजेड विझत जाई, खंडेराव गेटच्या गल्लीतला ऑटोंचा कलकलाट खालीच राही, आणि शेजारच्या त्यांच्या गच्चीवर गल्लीतली मुलं काकांच्या बोटामागे श्वास रोखून उभी राहत.

काका मूळचे साताऱ्याकडचे. जवळच्या बबिना छावणीतून निवृत्त झाले आणि झाशीतच राहिले. पत्नी गेल्यावर त्यांनी एक दुर्बीण घेतली. शनीची कडी पाहून एखादं मूल स्तब्ध झालं, की त्यांच्या मुद्रेवर पहाटेच्या पाण्यासारखी एक नितळ शांतता पसरे. त्या शांततेवर माझा फार विश्वास होता.

माझी नऊ वर्षांची इरा मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. एका संध्याकाळी मी तिला घ्यायला गच्चीवर गेले, तेव्हा ती विचारत होती, "काका, आपने तारे किससे सीखे?"

"फौजेत, बेटा. तोफखान्यात होतो मी. अंधारात ध्रुवावरून दिशा पक्की करायची, मग तोफेचं तोंड वळवायचं."

"फिर?"

"फिर तोप चलती थी."

"किस पर?"

काकांनी दुर्बिणीवरचा हात काढला नाही. "दिसायचं नाही गं. फार लांब असायचं."

मी जिन्याच्या तोंडाशी थिजले. ज्या अढळ ध्रुवबाळाची गोष्ट मी इराला झोपवताना सांगत आले, त्याच्याच साक्षीने कुठल्याशा अनोळखी छपरांवर आग उतरली होती, आणि ती दिशा ठरवणारा हात माझ्या लेकीच्या खांद्यावर रोज विसावत होता. मुलांना जेवढं कळलं, तेवढंही पुष्कळ होतं.

मग काका बोलले, कुणाकडेही न पाहता. "तेव्हा वर पाहायचो ते फक्त मोजण्यासाठी. तारा सुंदर असतो हे निवृत्तीनंतर कळलं. म्हणून तुम्हाला आधी सुंदर दाखवतो."

इराने पुढे होऊन दुर्बिणीला डोळा लावला. मला मात्र हलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पाठवू नये असं मनात आलं. पाठवलं. त्या फाल्गुनात काका झोपेतच गेले, आणि जे विचारायचं होतं ते विचारण्याचं धैर्य माझ्यात येण्याआधीच गच्ची रिकामी झाली.

काळ माणसाला दूर नेतो, त्याचा आवाजही हळूहळू पुसतो. पण त्या माणसाला अकस्मात ओळखल्याचा तो एक क्षण मात्र वय वाढू न देता तसाच ठेवतो, आणि त्यालाच आपण आठवण म्हणतो.