डावा निळा, उजवा लाल

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला प्लास्टरचा मेंदू आहे आणि मला राग आलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकीकत शांतपणे सांगतात. मला ते जमणार नाही.

नाशिकच्या पंचवटीत गोटीराम नावाचे मूर्तिकार होते. गणपतीचा हंगाम संपला की त्यांचे हात रिकामे होत. अशाच एका वर्षी शाळेने त्यांना मेंदूचं चित्र नेऊन दिलं. चार दिवस ते नुसतं बघत बसले. मग एका डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही भागांच्या मधे काय असतं, ते विचारून आले. म्हणून माझे दोन भाग उघडतात आणि मधे जाड पांढरा पट्टा दिसतो. खऱ्या मेंदूत तिथे कोट्यवधी धागे असतात, आणि डावा भाग उजव्याशी मुख्यतः त्यांच्यातूनच बोलतो. गोटीरामांनी तो पट्टा सगळ्यात जास्त वेळ घासला.

वीस वर्षं बरी गेली. मुलं मला उघडायची, भागांची नावं पाठ करायची, परत मिटायची. एकदा पाडलंही. त्याचं मला काही वाटलं नाही.

मग शाळेत करिअर मार्गदर्शनाचे सर आले. त्यांनी माझे दोन्ही भाग पक्के चिकटवले आणि ऑइलपेंटने रंगवले. डावा निळा, त्यावर लिहिलं ‘विज्ञान’. उजवा लाल, त्यावर ‘कला’. नववीतल्या प्रत्येकाला वीस प्रश्नांचा कागद द्यायचा आणि माझ्यावर बोट ठेवून सांगायचं, तू निळा, तू लाल. मित्रांनो, त्या दिवसापासून मी खोटा साक्षीदार झालो.

वेदिका त्याच वर्गात होती. मखमलाबादकडे त्यांचा भाजीचा मळा. तिचे वडील बहिरू यांनी त्या वर्षी दोडका लावला होता. मांडव फुलांनी भरायचा, पण फुलामागची इवलीशी फळं पिवळी पडून गळायची. वेदिकाने वही घेतली आणि दर तासाला एकाच फुलाचं चित्र काढलं. तीन दिवस सुट्टी होती, तिन्ही दिवस काढलं. चौथ्या दिवशी ती धावतच विज्ञानाच्या मनीषाबाईंकडे आली. वही माझ्या शेजारीच ठेवली.

“बाई, चित्रं काढताना काहीच कळलं नव्हतं. काल भांडी घासत होते, डोक्यात भलताच विचार होता, आणि एकदम सुचलं! दोडक्याचं फूल संध्याकाळी उघडतं. आणि बाबा फवारणी संध्याकाळीच करतात. मग पराग नेणारे किडे येणार कधी?”

“सुचलं ते छान,” बाई म्हणाल्या. “पण खरं की खोटं, कसं ठरवशील?”

वेदिकाने थोडा विचार केला. “अर्ध्या मांडवावर सकाळी फवारायचं, अर्ध्यावर संध्याकाळी. मग दोन्हीकडची फळं मोजायची.”

त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं. भांडी घासताना तिचं मन मोकळं भटकत होतं, तेव्हा मेंदूतल्या दूरदूरच्या जागांनी वहीतलं फूल आणि वडिलांचा फवारणीचा पंप एकमेकांजवळ आणून ठेवला. मग आणखी काही जागांनी त्या कल्पनेची उलटतपासणी घेतली. गाण्याला नवी चाल सुचते आणि नको ती तान गाळली जाते, तेव्हाही असंच घडतं. दोन्ही कामांत दोन्ही बाजू राबतात. चित्रकाराचा एक अर्धा आणि वैज्ञानिकाचा दुसरा, असं माझ्या आत कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते बाहेरून, ऑइलपेंटने.

सकाळी फवारलेल्या बाजूला दोडका भरभरून लागला. मनीषाबाईंनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वेदिकाचं नाव दिलं. यादी सरांच्या हातून पुढे जायची. त्यांनी ते खोडलं.

“ही लाल आहे. वहीत प्रयोग कुठाय? सगळी चित्रंच! हिला प्रदर्शनात रांगोळीला लावा.” एवढ्यावर न थांबता त्यांनी बहिरूंना शाळेत बोलावून घेतलं. माझ्या लाल बाजूवर टकटक करत म्हणाले, “अकरावीला कला शाखाच घ्या. विज्ञान हिला झेपणार नाही.”

बहिरूंनी आधी मान डोलावली. सर शिकलेले, त्यांना कळत असणार. वेदिका खाली बघत होती. तिच्याकडे पाहून बहिरू अडखळले.

“सर, एक इचारू का? मला यातलं लय कळत नाय. पण माझ्या मांडवाला दोडकं लागलं, ते हिच्या कोणत्या बाजूनं?”

सर हसले. “योगायोग असतो हो.”

शेजारीच उभ्या असलेल्या मनीषाबाईंनी स्टीलची पट्टी उचलली, माझ्या चिरेत घातली आणि जोर लावला. कडकन आवाज झाला. निळ्याचा टवका उडाला आणि मी उघडलो. पांढरा पट्टा दाखवत त्या म्हणाल्या, “सर, आधी हा मुलांना शिकवा. मग वाटणी करा.”

प्रदर्शनाची यादी तोवर गेली होती. वेदिकाचा प्रयोग कोणीच पाहिला नाही. रांगोळीला तिने साफ नकार दिला. आज ती अकरावी विज्ञानला आहे आणि वहीत अजून फुलं काढते. सरांनी माफी मागितली नाही. आता ते फळ्यावर माझं चित्र काढतात, दोन रंगीत खडूंनी.

गेल्या महिन्यात वेदिकाच्याच वर्गातली आरोही दाखला न्यायला आली. गणितात पैकीच्या पैकी आणणारी. तिला सर म्हणाले होते, तू निळी, गाण्यात वेळ घालवू नकोस. घरच्यांनी गाण्याचा क्लास बंद केला.

“एक कडवं तरी म्हण गं,” मनीषाबाई म्हणाल्या.

“नको बाई, आता सूर लागत नाही. आणि खरं सांगू? गणितंही हल्ली नुसती सोडवते. पूर्वी उत्तर यायच्या आधी मजा यायची.”

ती दाखला घेऊन गेली. तिच्यासाठी बहिरूंसारखा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण तुम्हाला कोणी अर्धं ठरवू लागलं, तर गप्प बसू नका. तिथल्या तिथे विचारा, उरलेल्या अर्ध्याचं मी काय करू?